गुरुवारचा चहा

रेवा, ईशान,

आता जे लिहिते आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही, आणि ते तर आता नाहीत. तुम्हाला मराठी समजतं पण वाचता येत नाही, म्हणून हे पत्र तुमची आईच तुम्हाला वाचून दाखवेल. मुक्ता, मध्ये थांबू नकोस. सगळं वाच.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही स्वतःच वाचलं असतं, खरं आहे. पण मी उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं. त्या भाषेत मला सबबी फार सुबक मांडता येतात. म्हणून मराठी.

आणि आत्ताच का? रेवा, तुझ्या निबंधामुळे. ‘मला माहीत असलेली सर्वांत प्रामाणिक व्यक्ती.’ आईनं त्याचा फोटो पाठवला. सवयीनं मी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि मग पुढच्या ओळीवर आले — माझी आजी कधीच खोटं बोलत नाही. त्या दिवसापासून मी कपाटं आवरते आहे. मसाल्याच्या डब्यांवर नवी लेबलं लावली. टॉवेलांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. एका जागी बसवत नाही.

तर — चहापासून सुरुवात करते.

बेडोकच्या आपल्या फ्लॅटसमोर, कॉरिडॉरच्या पलीकडे, सुआन नावाची चिनी शेजारीण राहायची. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. मुक्ताची शाळा माझ्या आधी सुटायची, आणि मी येईपर्यंतचे दोन तास ती सुआन आंटीकडे असायची. सुआनचा नवरा वारला, त्यानंतरच्या एका गुरुवारी तिनं आमचं दार वाजवलं. “शुभा, यू कम. वन पर्सन ईट, नो टेस्ट वन.” एकटीनं खाल्लं तर चव लागत नाही म्हणे. मी गेले.

दोन बसस्टॉप पलीकडे एक साधं दुकान. भिंतीवर पंखे, गोल टेबलं, प्लॅस्टिकची स्टुलं. मातीच्या भांड्यात काळपट रस्सा उकळत आला. त्यात बरगडीचे तुकडे, लसणीचा अख्खा गड्डा, चक्रीफूल आणि कसकसल्या चिनी मुळ्या. मी तोवर घरात अंडंसुद्धा आणलेलं नव्हतं. सुआननं चमचा माझ्या हातात देण्याआधीच सांगितलं — हे नीट ऐका — आधीच सांगितलं, “पोर्क, हं. पोर्क रिब. यू कॅन ऑर कॅनॉट?”

“कॅन,” मी म्हणाले.

का म्हणाले? तिला वाईट वाटू नये म्हणून? वास चांगला येत होता म्हणून? मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मी म्हणाले, आणि खाल्लं, आणि आवडलं.

त्या पदार्थाचं नाव बाक कुट तेह. तेह म्हणजे चहा. खरं तर त्यात चहा नसतो, तो शेजारी छोट्या कपांतून वेगळा येतो. पण नावात आहे ना? म्हणून दर गुरुवारी मी तुमच्या आजोबांना सांगायचे, “सुआनबरोबर चहाला जाते.” आणि मनातल्या मनात खूश व्हायचे, की व्याकरणाच्या दृष्टीनं मी खोटं बोललेच नाही! तीन वर्षं असा चहा चालला. शाळेला सुट्टी असली की मुक्ताही यायची. सुआननं तिला चॉपस्टिक धरायला शिकवलं. शिजून मऊ झालेली लसणीची पाकळी सालीतून दाबून काढायची, वाटीच्या कडेला ठेवायची आणि सगळ्यात शेवटी खायची, हेही शिकवलं. “लास्ट वन मस्ट बी द बेस्ट वन, गर्ल.”

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं. मध्येच उठून ओटा पुसून आले.

मुक्ता नऊ वर्षांची असताना माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. तुमची पणजी. रविवारची दुपार, सगळे टेबलाशी. त्यांनी आमटी केली होती. मुक्ता म्हणाली, “आजी, आमटी मस्त आहे. पण बाक कुट तेह मोअर शिओक, लाह!”

“ते काय गं?”

आपल्याला काहीतरी ठाऊक आहे याचा तिला केवढा आनंद! एकेक बोट पुढे करत तिनं सांगितलं, “बाक म्हणजे पोर्क. कुट म्हणजे हाड. तेह म्हणजे चहा. सुट्टी असली की मीपण जाते. आई तर दर गुरुवारी जाते!”

सासूबाईंचा हात आमटीच्या पातेल्यावर तसाच थांबला. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं.

काय झालं असतं हो म्हटलं असतं तर? सासूबाई चिडल्या असत्या. चार दिवस माझ्या हातचं जेवल्या नसत्या. आजोबा गप्प गप्प राहिले असते. आणि मग सगळं सुरळीत झालं असतं. हे मला आज कळतंय असं नाही. तेव्हाही, त्याच क्षणी, कळत होतं.

मी म्हणाले, “मला काय माहीत? सुआननं काढा म्हणून पाजलं. गुडघ्यांसाठी.”

“नाही गं आई! तूच तर त्या दुकानातल्या काकांना सांगतेस, चरबी कमी घाला म्हणून.”

“मुक्ता, खोटं बोलू नकोस.”

हेच ते वाक्य. एवढ्यासाठी हे सगळं पत्र.

आजोबा तरातरा उठून समोर गेले. मी मागोमाग, आणि माझा पदर धरून मुक्ता. सुआननं जाळीचं दार उघडलं. माझ्या बायकोला औषध सांगून पोर्क दिलंत का, असं आजोबांनी इंग्रजीत विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी जाळीच्या कडीकडे पाहत राहिले.

“येस. आय नेव्हर टेल हर,” सुआन म्हणाली. “माय मिस्टेक. सॉरी, आह.”

तिनं माझं खोटं स्वतःवर घेतलं. आणि मुक्तानं ते ऐकलं. आता आंटीसुद्धा तेच म्हणत होती — मग नऊ वर्षांच्या मुलीनं कशावर विश्वास ठेवायचा? स्वतःच्या कानांवर? घरात येऊन तिनं सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि “चुकलं” म्हणाली. काय चुकलं होतं तिचं? मी तिथेच उभी होते. मी तो नमस्कार होऊ दिला.

दुसऱ्या दिवसापासून घराची किल्ली मुक्ताच्या दप्तरात गेली. ते दोन तास ती घरात एकटी बसू लागली. सुआन लिफ्टमध्ये भेटायची. “इटन ऑलरेडी?” नेहमीसारखंच विचारायची. “इटन,” मी म्हणायचे. तेवढंच. पुढे ती मुलाकडे चोआ चू कांगला राहायला गेली. एमआरटी ट्रेननं तासाभराची वाट. मी गेले नाही. ती वारल्याचं खालच्या मजल्यावरच्या बाईंकडून कळलं, तेव्हाही गेले नाही.

आई अबोल आहे असं तुम्ही म्हणता. ती जन्मतः अबोल नव्हती. शाळेतून आली की बूट काढायच्या आधी बोलायला लागायची. त्या रविवारनंतर मात्र कुणी काही विचारलं, की ती उत्तर देण्याआधी माझ्या तोंडाकडे बघायची.

गेल्या गुरुवारी मी त्या दुकानात जाऊन आले. “वन पर्सन?” वाढणाऱ्या मुलीनं विचारलं. एकटीला चव लागली नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण लागली. अगदी तीच. मी रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला.

सुआन नाही. आजोबा नाहीत, सासूबाई नाहीत. तुमची आई अजूनही पानातला लसूण बाजूला काढून ठेवते आणि सगळ्यात शेवटी खाते. ते तिला सुआननं शिकवलं.

आजी