सोनेरी पिनांची वायर

बाबा रोज सकाळी प्लेअरवर वंदनेची सीडी लावून बसत. फुलचूरच्या बुद्धविहारात पौर्णिमेला वंदना तेच म्हणवून घ्यायचे, म्हणून घरी पालीचे उच्चार घासूनपुसून ठेवायचे. एका पावसाळ्यानंतर म्हणायला लागले, "शब्द दबून येऊन राहिले, बाबू. वायर पाह्य."

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला माणूस. प्लेअरपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत दीड हात वायर. तेवढ्यात आवाज जाऊन जाऊन जाणार कुठे? तुटलेली नसेल तर साधी वायरही तेच काम करते, हे मी लोकांना ऐटीत सांगायचो. पण गोंदियाच्या बाजारात दुकानदाराने सोन्याचं पाणी दिलेल्या पिनांची वायर काढली, "एक-एक लफ्ज साफ आएगा, भैया" म्हणाला, आणि मी अक्कल गहाण ठेवली. खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं. दोष वायरीत असला की वायर बदलता येते.

घरी येऊन ती जोडली. "आता कसं?"

"एकदम साफ," बाबा म्हणाले.

पुढची दोन वर्षं मी त्या महागड्या वायरीचं कौतुक सांगत फिरलो. त्याच काळात बाबांनी विहारात पुढे बसणं सोडलं. गुडघ्यांचं कारण दिलं, मी ते मानलं.

मग एका सकाळी खोलीत गेलो. प्लेअरवर आकडे पळत होते, बाबा डोळे मिटून हात जोडून बसले होते, आणि आवाज अजिबात नव्हता. झाडताना आईच्या हातून पिना निघाल्या होत्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने विचारलं, "साफ येऊन राहिलं का?"

"एकदम साफ."

मी वायरीचं सुटलेलं टोक त्यांच्यासमोर धरलं. "काऊन नाही सांगितलं?" मी ओरडलो. राग स्वतःवरचा होता, निघाला त्यांच्यावर.

"तू एवढ्या हौसेनं आणली," ते म्हणाले. "मंग कसा सांगू, का मले तवाच आयकू येत नव्हतं?"

त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, "कधीपासून?" बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. दोन वर्षं, हे माझ्या जिभेवर आलं होतं.

"आताच," मी म्हणालो.

बाबांनी ऐकू आल्यासारखी मान हलवली.