पलीकडच्या काठावरचं लाल लुगडं

मंडळी, आज सकाळी भर पावसात मी गॅलरीत कोरडी लाल साडी टांगली. हसू नका.

साठच्या दशकात आमचं घर सूर्या नदीच्या घळीत होतं. थोरल्या ताईला समोरच्याच काठावर दिली होती. उन्हाळ्यात आम्ही तापलेल्या दगडांवरून चालत तिच्याकडे जायचो. थंडीत दहा वाजेपर्यंत तिचं घर धुक्यात दिसायचंच नाही. पण पावसाचे चार महिने नदी अशी गर्जायची की हाकसुद्धा पलीकडे पोचत नसे. मग ताई रोज सकाळी ओटीवर लाल लुगडं टांगायची.

ते बघून आई म्हणायची, "पोरगी बरी हाय." आणि उत्तर म्हणून आपलंही टांगायची.

आता दोघीही नाहीत. बोईसरच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच असते. चार दिवस पाऊस थांबलेला नाही आणि माझं कोणाशी बोलणंही झालेलं नाही. म्हणून टांगली साडी.

दुपारी समोरच्या बिल्डिंगमधून एक मुलगी ओरडली, "आजी, साडी भिजतेय! आत घ्या!"

घेतली आत.

तुम्ही बरे आहात की नाही, हे रोज सकाळी कोण बघतं हो?