पेटीच्या पाठीचा वारा

हिराबाईचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, वाऱ्यावर. माणसांवर तिने तो कधी फारसा वाया घालवला नाही. डॉक्टरने गोळी दिली तर ती आधी जिभेवर ठेवून बघायची, आणि तलासरीच्या बसमध्ये बसली की पाटी वाचता येत नाही म्हणून तीन जणांना विचारायची. तिघांनी एकच गाव सांगितलं, तर तिला वाटायचं की यांनी आपसात ठरवलेलं दिसतंय.

वाऱ्याचं मात्र वेगळं होतं. डोंगराकडच्या त्या पाड्यात नवी सून होऊन आली तेव्हापासून भात उफणायला तिलाच बोलावणं यायचं. खळ्यावर उभं राहून ती चिमूटभर भुसा बोटांतून सोडायची, तो कुठे जातो ते बघायची आणि मग सूप उचलायची. तिने उफणलेल्या भातात फोल शोधून सापडायचं नाही. आता गुडघे गेले, मळणीही मशीनवर होते, पण दारातून आत आलेला वारा कुठून बाहेर पडतो हे तिला आजही खाटेवर पडल्या पडल्या कळतं.

अशा बाईच्या घरात नातीने, हर्षदाने, पाण्याची पेटी आणली.

पेटी म्हणजे कॉम्प्युटर. हर्षदा वापीच्या एका घरं आखणाऱ्या साहेबासाठी बंगल्यांची चित्रं करते. साधी नाही, आतून फिरून दाखवणारी. त्या कामाने मशीन तापतं, त्यात वर पत्रे, त्यात चैत्र. म्हणून तलासरीच्या चिमणने पाण्याने थंड होणारी पेटी जोडून दिली.

"पाणी आत, आणि वीज पण आत," हिराबाई म्हणाली. "हे तुला कोणी शिकवलं?"

"काकी, पाणी नळीत बंद आहे. जीपच्या रेडिएटरसारखं." चिमणने खोक्याच्या पुठ्ठ्यावर बाण काढून दाखवले. "पुढचे दोन पंखे थंड हवा आत घेणार. पाणी आतली गरमी उचलून मागच्या जाळीत आणणार. जाळीवरचा पंखा ती मागून बाहेर फेकणार. थंड पुढून आत, गरम मागून बाहेर. एवढं सांभाळलं की झालं."

"आणि नाही झालं तर तू सापडशील का?"

"दुकान हायवेलाच आहे, काकी. मी कुठे पळतो?"

"हायवेवरूनच तर पळतात."

चिमण गेल्यावर हिराबाईने पेटीची पूजा केली. नव्या वस्तूची करतातच. पण कुंकवाची बोटं तिने पेटीला लावली नाहीत, मागच्या चारही स्क्रूंवर एकेक ओली टिकली लावली. सून दक्षा हसली. "आई, ही पूजा आहे का सील?"

"दोन्ही," हिराबाई म्हणाली.

पंधरा दिवस बरे गेले. मग ऊन चढलं आणि दुपारी पेटी आपोआप बंद पडायला लागली. हर्षदा दीड-दोन तास काम करायची, पेटी फुसकन गप्प व्हायची, केलेलं अर्धं काम जायचं. शनिवारपर्यंत बंगला द्यायचा होता. तो दिला नाही तर साहेब म्हणत होता, वापीला ये, ऑफिसच्या मशीनवर बस, मुलींसोबत खोली बघून देतो.

खोली हा शब्द हिराबाईला भाताच्या कुसासारखा टोचला. मुलगा कंपनीत, सून अंगणवाडीत. दिवसभर घरात आवाज होता तो या पोरीचाच. पण बोलली ती चिमणबद्दल.

"त्याने जुनं सामान घातलंय. मला त्याचे डोळे तेव्हाच पटले नव्हते."

"आजी, त्याला फोन केला होता. तो म्हणतो परवा येऊन बघतो."

"परवा येतो, म्हणजे काहीतरी लपवायला वेळ पाहिजे."

पण बुधवारी तिच्या लक्षात एक गोष्ट आली. पोरगी फार शांत होती. पेटी बंद पडली की आधी कपाळावर हात मारायची, आता नुसती उठून पाणी प्यायची. फोनवर हळू बोलायची. एकदा ऐकू आलं, "खोली स्टेशनजवळ आहे का?" हिराबाईचा संशय चिमणच्या दारातून उठला आणि आपल्याच घरात येऊन बसला. पोरीला जायचं असेल तर? पेटी मुद्दाम बंद पाडत असेल तर?

हर्षदा बोअरवर पाणी भरायला गेली, तशी हिराबाई पेटीच्या मागे वाकली. चार स्क्रूंपैकी दोन टिकल्या तडकलेल्या होत्या. चिमण तर पूजेनंतर आलाच नव्हता.

तिने उशीतून सावरीचा कापूस ओढला, काडीला एक धागा बांधला आणि चालू पेटीच्या पुढे धरला. धागा आत ओढला गेला. बरोबर. मागे जाळीजवळ धरला. तोही आत ओढला गेला. वरून धरला, बाजूने धरला, कुठेच बाहेर उडेना. हिराबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ज्या घरात पुढच्या दाराने पाहुणे आत येतात, मागच्या दारानेही येतात आणि बाहेर कोणीच पडत नाही, त्या घरात काय चाललं असेल?

हर्षदा हंडा घेऊन आली.

"मागचा पंखा कोणी फिरवला?"

हंडा खाली ठेवायला पोरीने जरा जास्तच वेळ घेतला. "मी."

"का? वापीला जायला?"

"काय बोलतेस आजी?" हर्षदा खरंच गोंधळली. "खोली तर पेटी चाललीच नाही तर, म्हणून विचारली. तुझी खाट मागे आहे ना. तीन रात्री म्हणालीस, मला भट्टीपुढे निजवलंय. म्हणून मी पंखा उलटा लावला. पाण्याच्या जाळीला वारा लागला म्हणजे झालं, इकडून काय, तिकडून काय."

एवढी वर्षं तिने कितीतरी माणसांवर संशय घेतला, पण आपल्यासाठीच कोणी असं काही केलं असेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

"उफणताना वारा समोरून घेतला तर काय होतं?" ती शेवटी म्हणाली.

"फोल तोंडावर येतं."

"मग जाळीची गरमी तू पेटीच्याच तोंडावर उडवलीस. ती बाहेर जाईल कुठून?"

हर्षदाने चिमणला फोन लावला. सगळं ऐकून तो स्पीकरवर हसायला लागला. "काकी, म्हणजे माझ्यावर उगाच संशय घेतलात."

"अजून आहे," हिराबाई म्हणाली. "पण कमी झालाय."

पंखा सरळ केला की गरम वारा पुन्हा खाटेवरच येणार. टेबल हलवता येत नव्हतं, विजेचं बटण तिथेच होतं. हिराबाईने खाटेचा पाय धरला. त्या जागेवरून तिला खिडकीतून रस्त्यावर कोण आलं, कोण गेलं ते दिसायचं, आणि घरातल्या कोणालाही ती खाट हलवू द्यायची नाही. आता दोघींनी मिळून ती पलीकडच्या भिंतीला लावली. तिथून दिसायची फक्त चूल.

हर्षदाने पंखा बाणाप्रमाणे बसवला. हिराबाईने धागा धरला. तो मागच्या बाजूने सरळ बाहेर ताठ उडाला. तिने तळहात धरून बघितला. वारा गरम होता.

गुरुवारी दुपारी पेटी चालली. शुक्रवारीही. शनिवारी चारच्या आत बंगला गेला.

सोमवारी साहेबाचा फोन आला. हर्षदा बोलायला अंगणात निघाली तशी हिराबाई म्हणाली, "इथंच बोल. मोठ्याने लाव."

साहेब म्हणाला, काम छान झालंय, दुसरा बंगला पाठवतो, घरूनच कर, महिन्यातून एकदा ऑफिसला ये.

हर्षदाने हो म्हणायच्या आत हिराबाई फोनवर वाकली. "एकदा म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत ना?"

साहेब म्हणाला, "हो, आजी. संध्याकाळी परत."

"कुठली बस?" हिराबाईने विचारलं.