सुपडू नानांचे भाड्याचे मासे

घरात जुन्या छत्र्या कशा साठतात, कुणाला सांगता येत नाही. आणल्याचं आठवत नाही, टाकवत नाही, आणि माळा उघडला की अंगावर पडतात. आमच्या तापीकाठच्या मंडळातले किस्से तसेच साठलेत. मासे मात्र काही साठत नाहीत!

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. दर रविवारी सकाळी जळगावहून चोपडा रोडने निघायचं आणि तापीचा पूल लागला की खाली उतरायचं. भिका भाऊचं स्पेअर पार्टचं दुकान, पण खरा गळवाला तोच. प्रकाशशेठची डाळ मिल. घराणं पक्कं शाकाहारी, माशाचा वास आला की नाकाला रुमाल! पण गाडी त्यांची आणि काठावरच्या भरिताची हौसही त्यांची, म्हणून ते मेंबर. मी फोटो काढतो. आणि सुपडू नाना. धुळ्याकडच्या शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाले, आता जळगावात असतात. हॅट घालून सगळ्यांच्या आधी बसतात, सगळ्यांच्या नंतर उठतात. आजवर त्यांना एकही मासा लागलेला नाही.

*

चिलापी हा मासा इतका हावरट की कणकेची गोळी दिसली की रांग लावतो. भिका म्हणाला, "नाना, आज चिलापीवर बोहनी करा."

नाना कणकेचा डबाच घेऊन बसले. गोळी लावली, गेली. दुसरी लावली, तीही गेली. उन्हं डोक्यावर येईपर्यंत डबा रिकामा.

"नाना, एक तरी लागला का?"

"लागला नही," नाना डबा खंगाळत म्हणाले, "पण बठ्ठा जेवी ग्यात!"

चेहऱ्यावर अख्खी पंगत वाढल्याचं समाधान होतं.

*

नानांचा मुलगा निलेश टेक्सासला. त्याचा फोन रविवारी यायचा. "पप्पा, जेवले का? गोळी घेतली का? ठेवतो." संपला विषय! नाना फोन कानाला तसाच धरून थोडा वेळ बसायचे.

मग एकदा निलेशचा फोटो आला. हातात हा एवढा मासा! खाली लिहिलेलं, 'लार्जमाउथ बास!' नानांनी भावनेच्या भरात कळवून टाकलं, "मीही पकडतो."

त्या रविवारी फोन अर्धा तास चालला. कुठे जाता, काय लावता, केवढा लागला! नानांनी सगळं सांगितलं आणि फोटो पाठवतो असंही सांगितलं. मग ते भिकाकडे आले. भिकाच्या बादलीत मरळ होता.

"भिका, तुना मरळ दोन मिनिटं माले दे ना रे भो."

"फुकट नही, नाना. भरीत लागी."

नानांच्या हातचं भरीत म्हणजे बामणोदची वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, जाळावर भाजायची, हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे. प्रकाशशेठ बोटं चाटत म्हणाले, "असा एक मासा दर रविवारी द्या यांना!"

तेव्हापासून तो नियमच झाला. मासा भिकाचा, हात नानांचे, फोटो माझा, भरीत सगळ्यांचं. आम्ही हसायचो, पण मला नानांची काळजीही वाटायची. बिंग फुटलं तर फोन पुन्हा 'गोळी घेतली का'वर येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

*

पुढे निलेशचा स्मॉलमाउथ बास आला. आता नानांना मरळ चालेना. "पोराची दर खेपेला नवी जात, आणि आपला एकच मरळ? खानदेशची काही इज्जत आहे की नाही?"

भिकाने शिंगाळा दिला. शिंगाळ्याच्या परांना काटे असतात, हे तो सांगणार तोवर नानांनी माशाला छातीशी धरलं. मी त्याच क्षणी बटण दाबलं. तोंड उघडं, डोळे कपाळात, हॅट तिरकी!

"मरी गऊ रे बाप!" आवाज पुलावर गेला. एसटीतली माणसं खिडकीतून बघायला लागली.

तोच फोटो गेला. निलेशचं उत्तर आलं, "पप्पा, तुम्हाला इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं!"

*

निलेशच्या स्पॉटेड बासला उत्तर म्हणून नानांनी वाम गळ्यात घातली. वाम हा मासाच, पण लांबलचक आणि सळसळता. तो फोटो नानांच्या बायकोने, अक्कांनी पाहिला.

"हाई काय शे?"

"वाम शे."

"साप शे हाऊ!"

नानांना बाहेरच्या नळावर अंघोळ घालून घरात घेण्यात आलं. अक्का मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तरी शिकलेले ना? ह्यांना गळ्यात काहीबाही घालू देऊ नका."

"मी म्हटलं होतं, अक्का. पण नाना म्हणाले, रिटायर झालो तेव्हाच्या सत्कारातला हार यापेक्षा जास्त टोचत होता."

*

अमेरिकेहून पार्सल आलं. आत रबरी बेडूक, पोटाखाली गळ. बास म्हणे यावर झडप घालतो.

नानांनी बेडूक डोक्यावरून गरगर फिरवला. मागून एक म्हैस पाण्याला येत होती. बेडूक बसला तिच्या शेपटीच्या गोंड्यात! म्हैस उधळली, रीळ घरघरलं, आणि नाना रॉडसकट तिच्या मागे.

प्रकाशशेठ तोंड फिरवून भरीत खात होते. त्यांनी नुसतं रीळ ऐकलं. "मोठा लागला! नाना, सोडू नका!"

म्हशीच्या मालकाने शांतपणे गोंडा सोडवला. नानांच्या हातात बेडूक देत म्हणाला, "मास्तर, इना बी फोटो काढी ल्या. हाई दूध बी देस."

*

आणि मग मे महिन्यात निलेश आला. दारात बूट काढायच्या आधीच म्हणाला, "पप्पा, रविवारी तापीवर. मला तुम्हाला मासा पकडताना बघायचंय."

नाना त्या दिवशी जेवले नाहीत. दुकानात येऊन भिकाला म्हणाले, "भरीत जनमभर खावाडसू. पण पोराच्या समोर एक मासा लाव."

बेत ठरला. नदीच्या वळणावर भिका बाभळीआड दबून बसणार. नाना तिकडे गळ टाकणार. भिका त्याला मासा अडकवून दोन झटके देणार. अडचण एकच होती, उन्हाने पाणी आटलेलं, भिकालाही आठवडाभर काही लागलं नव्हतं. मासा बाजारातून आणावा लागणार, आणि रविवारी सकाळी गाडी घेऊन निघणारे एकटे प्रकाशशेठ!

शेठ नाकाला रुमाल लावून बाजारात गेले. "पाहुण्यांना दाखवायचाय, दिसायला चांगला द्या," म्हणाले आणि मागे वळून उभे राहिले. पिशवी न उघडता भिकाला दिली.

नानांनी गळ टाकला. निलेशने व्हिडिओ सुरू केला. बाभळीआड पिशवी उघडल्याचा आवाज आला, मग भिकाचा एक उसासा. मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी दोन झटके.

"लागला!" नाना ओरडले. रीळ फिरवलं. आणि तापीच्या पाण्यातून, ऊन असं की काठावरचे दगड चटके देत होते, एक चकचकीत, चपटं पापलेट बाहेर आलं. समुद्रातलं. पोट साफ केलेलं. दोन्ही अंगांना मसाला भरायला तिरपे चिरे पाडलेले. शेपटीला बर्फाचा खडा!

मी कॅमेरा खाली घेतला. प्रकाशशेठ अभिमानाने सगळ्यांकडे पाहत होते. नानांनी हॅट काढून पुन्हा घातली. "हा... हा जो आहे ना, निलेश..."

"सांगू नका, पप्पा!" निलेश गुडघ्यांवर बसला. त्याने पापलेट दोन्ही हातांत घेतलं, उलटून पाहिलं, चिऱ्यांवरून बोट फिरवलं. "हे पट्टे बघा! स्ट्राइप्ड बास! दर शनिवारी पकडतो मी, मला ओळखू येणार नाही?"

नानांनी माशाकडे पाहिलं. मग बराच वेळ मुलाकडे पाहिलं.

"हां, तोच शे," ते म्हणाले. "यंदा ऊन फार, म्हणून पट्टे जरा खोल गेलेत."