लिटरला किती देते?

चारचौघांत मी माझ्या नवऱ्याला 'हे' म्हणते. आमच्याकडे तशी रीत आहे आणि ती मी कधी मोडलेली नाही. इथे मात्र मी सरळ 'नवरा' लिहिणार आहे, कारण आज मला त्याचं अहोजाहो करायची इच्छा नाही.

निमित्त मुलाचं झालं. त्याला हायब्रिड गाडी घ्यायचीय. जेवताना म्हणाला, "आई, घेताना महाग पडते, पण पेट्रोल वाचतं. परवडेल का गं?" मी ताट उचलून आत गेले. यंत्राशी माझं काही वाकडं नाही. एखादं इंजिन खरंच कमी पीत असेल तर त्याचं भलं होवो. पण पेट्रोल वाचवायच्या नादाला लागलेला पुरुष घरात असला की काय होतं, ते मी पेणला भोगलंय. तेव्हा हा मुलगा जन्मलाही नव्हता.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. नवरा नागोठण्याला एका कंपनीत शिफ्टला जायचा. ने-आण करायला कंपनीची बस होती, ती नाक्यावरून घ्यायची, नाक्यावर आणून सोडायची. तरी त्याने मोटारसायकल घेतली. का, तर चार स्ट्रोकची नवी गाडी फार 'अ‍ॅव्हरेज' देते म्हणून. ज्याला पेट्रोल लागतच नव्हतं, त्याने पेट्रोल वाचवायला गाडी घेतली! हे मी तोंडावर बोलले, तर घरात अबोला झाला.

त्या काळी पेणमध्ये कोणी नवी गाडी घेतली की लोक रंग विचारत नसत, किंमतही नंतर विचारत. पहिला प्रश्न एकच, लिटरला किती देते? नवऱ्याचे तीन मित्र होते, तिघेही गाडीवाले. संध्याकाळी नाक्यावरच्या टपरीशी त्यांचा अड्डा जमायचा आणि एकेक जण आपापला आकडा सांगायचा. कोणीही खरं बोलत नसे. मग कोणीतरी म्हणायचा, चला, बाटली लावू. बाटली लावायची म्हणजे टाकी पार रिकामी करायची, बाटलीने मापून बरोब्बर एक लिटर ओतायचं, आणि गाडी बंद पडेपर्यंत वडखळच्या रस्त्याला पळवायची. जिथे बंद पडेल तिथे मीटर वाचायचा. मागून दुसरा गाडीवाला दुसरी बाटली घेऊन जायचा. असं आठवड्यातून दोनदा तरी चाले. वाचलेलं सगळं पेट्रोल हे लोक किती वाचलं ते बघण्यात जाळत होते, आणि हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात येत नव्हतं.

आकडा वाढावा म्हणून काय काय केलं म्हणून सांगू? कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल यायचं भोक, बारीक केलं, तर थंडीत गाडी सुरू होईना. उतार लागला की इंजिन बंद करून गाडी नुसती सोडायची, मग पुढे वळण असो की म्हैस असो. मग कोणीतरी सांगितलं की टाकीत डांबरगोळ्या टाकल्या की पेट्रोलला जोर येतो. नवऱ्याने माझ्या कपाटातल्या सगळ्या गोळ्या टाकीत टाकल्या. गाडीला जोर आला की नाही ते देव जाणे, माझ्या लग्नातल्या शालूला कसर लागली. निऱ्यांच्या जागी चाळणी झाली. मी तो शालू त्याच्यापुढे धरला तर म्हणाला, "पण आकडा अडीच-तीनने वाढलाय."

मला मात्र तो गाडीवर घेत नसे. डबल सीट बसलं की अ‍ॅव्हरेज पडतं! बाजारात जायचं तर मी पिशवी घेऊन चालत आणि तो शेजारून फट्‌फट् करत, "ये सावकाश," असं सांगून पुढे. मी हसण्यावारी न्यायचे. आता वाटतं, का नेलं?

मी डी.एड. झालेली होते. लग्नाआधीच. लग्नानंतर जिते गावच्या शाळेत एका बाईंच्या बाळंतपणाच्या रजेत काही महिने शिकवलं, पेणहून रेल्वेने जायचे. मुलं मला बिलगायची, मला ते काम मनापासून आवडायचं. त्या बाई परत आल्या आणि माझं काम सुटलं. मग माझं माहेर जिथलं, त्या रोह्याला लागूनच्या वरसे गावात एक नवी शाळा निघाली. तिथे कायम शिक्षिकेची एक जागा भरायची होती. मला मुलाखतीला बोलावणं आलं. एक पाठ घेऊन दाखवायचा होता, तिसरीच्या वर्गावर, भूगोलाचा. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "या वर्षी लागली तर लागली. नायतर पोराबाळांचं बघ, नोकरीचा विषय परत काढू नको." त्यांचा शब्द घरात चालायचा. म्हणजे मला ही एकच संधी होती.

मी सकाळच्या रेल्वेने जायचं ठरवलं होतं. आदल्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "रेल्वेने कशाला? मी सोडतो गाडीवर. सुट्टी हाय मला."

मला इतका आनंद झाला की लिहायची लाज वाटते. मला वाटलं, बोलून दाखवत नसला तरी याला माझं काहीतरी आहे. मी रात्री त्याच्या आवडीचं कालवण केलं. तो मात्र जेवण होईपर्यंत खालीवर करत होता, गाडीशी काहीतरी खटपट चालली होती. मी कुंडलिका नदीचा नकाशा काढत बसले होते. मी लक्ष दिलं नाही.

सकाळी निघालो. मी नवी कोरी फिकी पिवळी साडी नेसले होते, मांडीवर नकाशाची गुंडाळी. डाव्या बाजूला पाय सोडून बसले. महामार्गावर खड्डेच खड्डे. नवरा काटा चाळिसाच्या पुढे जाऊ देईना. मीटरवर तिथे हिरवी पट्टी होती, काटा पट्टीत असला की पेट्रोल कमी जातं म्हणे. ट्रक हॉर्न मारत पुढे जात होते, सायकलवाला तेवढा मागे राहिला. मी म्हटलं, "अहो, जरा जोरात घ्या ना. उशीर होईल." तर म्हणाला, "पोचवतो ना वेळेवर. गप बस तू."

कासू गावाच्या पुढे मला वास यायला लागला. पेट्रोलचा.

"अहो, पेट्रोल गळतंय का?"

"नाय गो. भरताना सांडलं असेल."

नागोठणं गेलं. वास वाढला. माझ्या पायांना गार लागायला लागलं. खाली बघितलं तर साडीचा काठ ओला. मी परत सांगितलं. तो म्हणाला, मान न वळवता, "तुला गाडीतलं काय कळतंय?" नागोठण्याहून रोह्याच्या रस्त्याला लागलं की भिसे खिंडीचा चढ येतो. अर्ध्या चढात गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

मला वाटलं, आता हा घाबरेल, माझी माफी मागेल, धावपळ करेल. त्याने काय केलं? गाडी कडेला लावली, उकिडवा बसला आणि मीटर वाचला. मग माझ्याकडे बघून हात पुढे केला.

"पेन हाय काय तुझ्याकडे?"

मी पर्समधून पेन दिलं. त्याने तळहातावर आकडा लिहिला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं, "तुम्ही बाटली लावलीत?"

हो, लावली होती. दोन दिवसांपूर्वी पनवेलहून एक विक्रेता नाक्यावर आला होता. पेट्रोलच्या नळीत बसवायचं एक पितळी यंत्र तो विकत होता. आत लोहचुंबक, त्यातून पेट्रोल गेलं की त्याचे कण बारीक होतात आणि थेंबन् थेंब जळतो, असं त्याचं म्हणणं. त्याने छातीठोक सांगितलं होतं, एका लिटरमध्ये पेण ते रोहा आणि परत, तेही डबल सीट. तेव्हा परीक्षा करायची तर मागे कोणीतरी बसलेलं हवं होतं. माझी मुलाखत आयतीच आली. मी गाडीवर होते ती वजन म्हणून. जवळ दुसरी बाटलीही घेतली नव्हती, इतका त्या पितळेवर विश्वास!

रात्री नळी कापून त्याने स्वतःच ते यंत्र बसवलं होतं. खड्ड्यांनी त्याचा जोड ढिला झाला आणि पेट्रोल वाचवायच्या यंत्रातून पेट्रोल नागोठण्यापासून माझ्या साडीवर ठिबकत आलं. खाली इंजिन तापलेलं. आम्ही दोघं पेटलो नाही हेच नवल.

मी रस्त्यात उभी राहून हात करत होते. एक एसटी भरलेली, थांबलीच नाही. बऱ्याच वेळाने मिठाच्या गोणींचा एक ट्रक आला. ड्रायव्हर आपल्याच खाडीपट्ट्यातला. "चढ गो बाय," म्हणाला. नवऱ्याने मला केबिनमध्ये चढवायलाही हात दिला नाही. तो नळी चाचपत होता. "तू हो पुढे," म्हणाला, "मी याचं बघतो."

वरशाला पोचले तेव्हा पाठ संपले होते. समितीची माणसं उठून गेली होती. मुख्याध्यापिकाबाई कार्यालयात एकट्याच होत्या. मी दारात उभी राहिले आणि त्यांनी नाकाला पदर लावला. मग त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी पदर लगेच काढला.

"तुमची खूप वाट बघितली हो," त्या म्हणाल्या. "तुमचा अर्ज सगळ्यांत चांगला होता. पण आता निवड झालीय."

मी नकाशा तिथेच ठेवून बाहेर आले. शाळेच्या नळावर साडीचा काठ धुतला. वास जात नव्हता. तिथून माहेर हाकेच्या अंतरावर होतं, पण आईला काय सांगणार होते? मी गेले नाही. रडू मात्र तिथेच आलं, आणि एका वर्गातली पोरं खिडकीतून बघत होती.

नवरा दुपारी आला. कोणाकडून तरी पेट्रोल घेतलं होतं, नळीला चिंधी बांधली होती. फाटकातूनच म्हणाला, "अगो, गळती नसती ना, तर रोहा करून परत पेण गाठलं असतं आपण." मी त्याच्या गाडीवर बसले नाही. स्टेशनवर गेले, तिकीट काढलं आणि रेल्वेने एकटी पेणला आले. खिडकीशी बसले होते, पण बाहेरचं काही दिसलं नाही.

संध्याकाळी तिघेही मित्र आमच्या ओटीवर जमले. मी आत चहा करत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. नवऱ्याने साग्रसंगीत सांगितलं. मीटर किती झाला, खिंडीत गाडी कशी आचकली, जोड कुठे ढिला झाला, किती पेट्रोल वाया गेलं असेल आणि ते धरलं तर आकडा कुठे जातो. त्यावर चौघांची बराच वेळ चर्चा झाली. जोड घट्ट करून पुन्हा बाटली लावायचं ठरलं. मग त्यातल्या एकाला सुचलं, तो जरा बरा माणूस होता. त्याने विचारलं, "आणि वहिनींचं काय झालं?"

"कसलं?" नवऱ्याने विचारलं.

त्याला खरंच आठवत नव्हतं. उगीच लपवत असता तर मला चाललं असतं. मित्र म्हणाला, "अरे, इंटरव्ह्यू व्हता ना त्यांचा?"

"हां, तो होय," नवरा म्हणाला. "तो राहिला."

मी चहा मोरीत ओतला आणि ओटीवर गेलेच नाही. माझ्या नोकरीबद्दल त्याच्या तोंडून मी ऐकलेलं एवढंच. मला तेव्हा त्याचा जो राग आला तो आजही तसाच आहे, आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.