अळणी घातलेली खडी

आमच्या घरात कुत्र्याच्या कोरड्या खाण्याला खडी म्हणायचे. नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. त्यांचा उभा जन्म शिरोलीच्या फाउंड्रीत गेला. मी पहिल्यांदा ते पाकीट आणलं तेव्हा त्यांनी चार दाणे तळहातावर वाजवून पाहिले आणि विचारलं, "ही खडी खातंय व्हय कुत्रं?" कुत्र्यानं वाडगं चाटूनपुसून साफ केलं. त्या दिवसापासून मामांनी (आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात) कुत्र्याच्या जेवणाचं खातं स्वतःकडं घेतलं, ते सोडलंच नाही.

कुत्रा गावठी, तांबूस रंगाचा. कळंब्यात घर बांधत होतो तेव्हा वाळूच्या ढिगावर येऊन बसला तो बसलाच. मामा रिटायर झालेले, नवरा कामावर, मी राजारामपुरीत क्लासमध्ये गणित शिकवायला. दिवसभर घरात हे दोघंच. कोण कुणाला फिरवून आणतंय हे बघणाऱ्याला कळायचं नाही.

मामा खडी सुट्टी आणायचे. राजारामपुरीतला त्यांच्या ओळखीचा एक दुकानदार मोठं पोतं फोडून ती किलोवर विकायचा. मी म्हणायची, बंद पाकीट आणा, त्यावर तारीख तरी असते. "डाळ-तांदूळ सुट्टंच आणतो की आपण, ह्याला काय सोनं लागलंय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. नवऱ्याला विचारलं तर त्याला दोघांचंही पटायचं. असला माणूस भांडणात काय कामाचा!

त्या वर्षी पाऊस हटायलाच तयार नव्हता. कपाटातल्या चादरीसुद्धा दमट लागत होत्या. एका सकाळी कुत्र्यानं वाडगं हुंगलं आणि पाठ फिरवली. संध्याकाळी तेच. "माजलंय," मामा म्हणाले. आमच्याकडं खाणं नाकारणाऱ्याबद्दल एवढा एकच निकाल आहे, मग ते पोर असो, जावई असो की कुत्रं. त्याला ते नको असेल, ही शक्यता कुणाच्या डोक्यात येत नाही.

मी खडीचा डबा उघडला. ओल्या पोतेऱ्यासारखा कुबट वास आला.

"मामा, वास येतोय. मी टाकून येतो हे," मी म्हणाले. कोल्हापुरात बायकाही येतो-जातोच म्हणतात.

"कुठं वास येतोय? भास हाय तुझा."

"घेऊन बघा की नाकाशी."

त्यांनी नाकाशी घेतलं, मान हलवली. "काय न्हाय. आणि आला असंल तर ऊन दावू. टाकायचं कशाला?"

ऊन होतं कुठं दाखवायला? मग त्यांनी कढई घेतली आणि रवा भाजावा तशी खडी मंद आचेवर भाजली. वास गेला, हे मलाही कबूल करावं लागलं. कुत्र्याचा मात्र नकार कायम. ते दाराशी जाऊन बसलं आणि मामांकडं बघत राहिलं.

रविवार आला. आमच्याकडं रविवारी मटण, त्यामुळं अळणीही आलीच. मटण शिजवलेलं हे बिनतिखटाचं पाणी. नाव अळणी असलं तरी मीठ असतंच. पांढरा आणि तांबडा, दोन्ही रस्से त्यातूनच होतात. त्याआधी घरातल्या पोरांना आणि आजाऱ्यांना वाटीभर मिळते. कुत्र्यासाठी मामा स्वतः वेगळी काढायला लावत, आलं-लसूण, मीठ काही पडायच्या आधी. त्या दिवशी त्यांनी ती कोमट अळणी खडीवर ओतली आणि वाडगं हातात धरून समोर बसले. कुत्र्यानं आधी मामांकडं पाहिलं, मग खाल्लं.

"बघ, नुसती नाटकं हुती!" मामा खूश.

मी नवीन पाकीट आणून ठेवलं. ते फोडू दिलं नाही. आधी जुनं संपू दे, म्हणे. ते संपेपर्यंत अळणी फ्रीजमधून निघत राहिली, तिच्यात पाणी वाढत राहिलं आणि कुत्रं इमानानं खात राहिलं. मी चिडले, बोलले, पण घरात माझं ऐकतंय कोण? वर्गात साठ पोरं माझं ऐकतात, घरात एक डबा रिकामा करून घेता येत नाही.

मग कुत्रं गप्प झालं. पाणी सारखं प्यायचं आणि ओकायचं. कायतरी खाल्लं असंल रस्त्यावर, असं ठरलं. डोळ्यांत पिवळेपणा दिसला तेव्हा शेजारच्या काकूंनी काविळीवरचं झाडपाल्याचं औषध सुचवलं, पत्त्या-बित्त्यासकट. मी वाद घातला नाही. सरळ रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्याही पिवळ्या. खातो काय, विचारलं. मी सगळं सांगितलं, कढईसकट. त्यांनी त्याचं पोट चाचपून पाहिलं. मग म्हणाले, अशा खाण्यात मका असतो, धान्य असतं, दमटपणात त्याला बुरशी धरते आणि ती विष तयार करते. ते सरळ यकृतावर जातं. भाजल्यानं बुरशी मरते, वासही जाईल, विष मात्र तिथंच राहतं.

"म्हणजे ह्याच्यामुळंच झालं?"

"असू शकतं."

पुढं सलाईन चालू असताना मी हेच दोन शब्द ऐकत होते. तपासून घ्यायचं म्हटलं तर आमच्याकडं डब्याच्या तळाचा नुसता भुगा होता, पाकीट नाही, बॅच नंबर नाही. दुकानदाराकडं गेले. "वहिनी, सगळ्यांची कुत्री हेच खात्यात की! कुणाची तक्रार न्हाय." पोतं कुठाय? रिकामं झालं, भंगारात गेलं. माझ्यासमोर तो दुसऱ्या पोत्यातून किलोभर मोजून एका गिऱ्हाइकाला देत होता. मी त्या माणसाला म्हणाले, घेऊ नका. दोघंही माझ्याकडं वेड्या बाईकडं बघावं तसं बघत राहिले. तो घेऊन गेला.

कुत्रा एका दुपारी गेला. आम्ही त्याला परसात पुरलं.

मी मामांशी बोलणं टाकलं. मनात वाक्यं तयार होती: तुम्ही अळणी घातली नसती तर त्यानं तोंड लावलं नसतं. त्याला कळत होतं, तुम्हालाच कळलं नाही. क्लासला जाता-येता मी ती घोकायची आणि घरात शिरल्यावर भांडी आदळायची. शेवटी एका संध्याकाळी मामाच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"मला वास येत न्हाय," ते म्हणाले.

मला वाटलं, गॅसचं काहीतरी विचारतायत.

"लई वर्सं झाली. भट्टीच्या धुरानं नाक पार गेलंय. कुणाला सांगितलं न्हाय. तू डबा नाकाशी धरायला लावलास, तवा मला कायच आलं न्हाय बघ. तवाच सांगायला पायजे हुतं. लाज वाटली."

मी गॅस बंद केला. एवढे दिवस घोकलेलं एकही वाक्य तोंडातून निघेना. राग होता तसाच राहिला, फक्त मामांवर काढता येईना.