अठरा पूर्ण झाल्याचा केक

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते साठत जातात, प्रशिक्षणात मिळालेल्या कापडी पिशव्यांसारखे. प्रत्येक प्रशिक्षणाला एक पिशवी, आणि एक दिवस कपाट उघडावं तर सगळ्या अंगावर! माझ्याकडं पिशव्या किती आहेत ते सांगत नाही. किस्से सांगते.

बारामतीत टायरच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. पाटी भली मोठी, 'युवा हक्क व मार्गदर्शन केंद्र', काम मात्र अठरापर्यंतच्या मुलांचं. पाटीच्या मानानं माणसं कमी. कदम सर आणि मी. सर एमएसडब्ल्यू झालेले. 'सक्षमीकरण' म्हटल्याशिवाय त्यांचा चहा संपत नाही. मी गावोगाव फिरते आणि सरांचे शब्द सोडवून सांगते.

आणि पल्लवी. ती पगारावर नव्हती, पण केंद्र तिच्याच जिवावर चालायचं. लासुर्ण्याची, कॉलेजला बारामतीत. बारावी झाली की तिला नर्सिंगला जायचं होतं. घरी बाप होता, पण चालायचं आजोबांचं, म्हणजे आबांचं. मेंढरं कधीच विकली, आता डाळिंब आणि ऊस. पण हाकायची सवय गेलेली नाही, मेंढरांच्या जागी घरातली माणसं आली एवढंच. आबांना पल्लवीचं लग्न उरकायचं होतं. पुढचं सगळं या एका ओढाताणीत घडलं. मधेअधे जे घडलं तेही सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

*

पिंपळीत बालहक्कांचा कार्यक्रम होता. पाहुणे मांडवात, खुर्चीवर. पोरं समोर उन्हात, सतरंजीवर. मंडपवाल्यानं एकच पंखा आणलेला, त्याचं तोंड पाहुण्यांकडं.

सर रंगात आले. "मुलांनो, तुमचे हक्क कोणते? घाबरू नका, मोकळेपणानं बोला!"

पाचवीतली एक पोर उभी राहिली. "सर, पंखा आमच्याकडं फिरवायचा हक्क हाय का?"

सरांनी माईक खाली ठेवला. मग स्वतः जाऊन पंखा फिरवला. टाळ्या! सरांचं भाषण आणखी लांबलं.

शेवटी सरपंच माझ्या कानाशी आले. घामानं निथळत होते. "ताई, सायबास्नी विचारा, हक्काचं आटपलं आसंल तर पंखा जरा हिकडं घेऊ का?"

*

एका शाळेत आम्ही तक्रारपेटी दिली. शाळेचं नाव सांगत नाही, हेडमास्तर माणूस चांगला होता. इतका चांगला, की पेटी चोरीला जाऊ नये म्हणून त्यांनी ती स्वतःच्या टेबलावर ठेवली. किल्ली खिशात.

पुढच्या भेटीत छाती फुगवून म्हणाले, "एकसुद्धा तक्रार नाही!"

पल्लवी म्हणाली, "सर, तुमच्यासमोर पेटीत चिठ्ठी टाकायची म्हणजे तुमच्याच हातात दिल्यासारखं की!"

पेटी हलवली, किल्ली माझ्याकडं घेतली. मुलींच्या संडासाबाहेर भिंतीला लावली, म्हणजे तिथं कुणी बघायला नको. कदम सरांनी छोटंसं भाषण केलं. गोपनीयता, विश्वास वगैरे. संडासाच्या दाराला मात्र हे मोठं कुलूप. तपासणीला कुणी आलं तर स्वच्छ दिसावा म्हणून!

सहावीतली एक मुलगी बराच वेळ माझ्या पदराशी घुटमळत होती. मी विचारलं, काय गं?

"ताई, पेटीची किल्ली तुमच्याकडं दिली. संडासाची कुणाकडं हाय?"

ही काही पेटीतली तक्रार नव्हती, त्यामुळं तिचं उत्तर त्याच दिवशी मिळालं. कुलूप निघालं.

*

केंद्राचा एक मोबाईल माझ्याकडं असतो. तरुण मुलांनी अडचणीत फोन करायचा म्हणून. फोन येतात, पण बहुतेक आयांचे.

"ताई, माझा पोरगा मोबाईल सोडतच न्हाय वो. तुमी समजवा त्याला."

"बरं, द्या त्याच्याकडं फोन."

"कसा देऊ? त्याच्याच मोबाईलवरनं बोलतीय न्हवं का! दहा रुपये देऊन मागून घेतलाय. लवकर आटपा म्हणतोय, गेम अर्धा ऱ्हायलाय."

*

इंदापुरात आम्ही मोठ्या मुलांचा एक गट घेतला. सरांचं म्हणणं, पाळीबद्दल मुलांनाही कळलं पाहिजे. बरोबरच होतं. मग सरांनी गृहपाठ दिला. प्रत्येकानं मेडिकलमधून सॅनिटरी पॅडचं पाकीट आणायचं. काळी पिशवी घ्यायची नाही, पेपरात गुंडाळायचं नाही.

अक्षय नावाचा एक पैलवान गडी. मेडिकलसमोरून चार चकरा मारल्या, मग एकदाचा आत शिरला. पाकीट मोटारसायकलच्या टाकीवर ठेवलं आणि भर बाजारातून, मान ताठ ठेवून घरी. दारात आजी तांदूळ निवडत बसलेली. तिनं पाकीट बघितलं आणि खूश झाली.

"आरं वा, पाव आणलास व्हय? बस, च्या टाकते!"

अक्षय दुसऱ्या दिवशी गटात म्हणाला, "ताई, सत्राचं सगळं आजीला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाली, हे ठीक हाय, पण पाव कुठाय?"

*

आता लासुर्णे. पल्लवी तेव्हा अकरावीला. बालविवाहाविरुद्ध आमचं पथनाट्य बसवलं होतं, त्यात बालवधूचं काम तिच्याकडं. शेवटच्या प्रसंगात ती बापाचे पाय धरून म्हणायची, "बाबा, मला शिकू द्या!" बायका पदरानं डोळे पुसायच्या. तिच्याच गावात खेळ झाला तेव्हा तर पारावरची म्हातारी माणसंही गप्प झाली.

सर मला हळूच म्हणाले, "ताई, परिवर्तन दिसतंय."

दिसलंच. खेळ संपला आणि पल्लवीसाठी तिथल्या तिथं दोन स्थळं आली! एक बाई तर डोळे पुसत पुसतच विचारत होती, "पोरगी कुणाची वो? काय रडली, काय रडली! आशी गुणाची पोर आमच्याच घरात पायजे."

पल्लवीनं डोक्यावरच्या मुंडावळ्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "ताई, पुढच्या खेळाला मी बाप होते."

*

त्या दोन स्थळांमुळं आबांना घाई सुटली. आम्ही घरी गेलो. सरांनी कायदा सांगितला, शिक्षा सांगितली, शरीरावरचे परिणाम सांगितले. आबा ऐकत होते.

"थोडक्यात सांगा सायेब. काय करायचं न्हाय?"

"अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न करायचं नाही."

"आन् झाल्यावर?"

"झाल्यावर कायद्याची हरकत नाही."

"मग आसं सुटसुटीत बोला की!"

आबा खरंच थांबले. स्थळं परत पाठवली. एवढंच नाही, आमच्या घोषणेसाठी स्वतःच्या गोठ्याची भिंत दिली. 'मुलीचं लग्न अठरानंतरच!' निळ्या अक्षरात. मी म्हटलं होतं, खाली 'आणि तिला विचारूनच' असं लिहू. सर म्हणाले, घोषणा आटोपशीर असावी. शिवाय खाली म्हैस बांधत होते.

सर अधूनमधून फोन करायचे. "आबा, लक्षात आहे ना? अठरा!"

"ध्यानात हाय सायेब. मोजतोय."

आबा काय मोजताहेत ते आम्हाला तेव्हा कळलं नाही.

*

बारावीचा निकाल लागला, पल्लवी चांगल्या मार्कांनी पास झाली. आणि एक दिवस आबांचा फोन. "ताई, सायबास्नी घिऊन या. पल्लवीचा वाढदिवस हाय."

त्या घरात आजवर कुणाचा वाढदिवस झाला नव्हता. आबांना स्वतःचा जन्म कुठल्या साली, तेही नक्की सांगता येत नाही. आम्ही पोचलो तर अंगणात टेबल, टेबलावर केक. आबांनी स्वतः वालचंदनगरच्या बेकरीतून आणलेला, मांडीवर धरून, जीपमध्ये. वर दोन मेणबत्त्या, एक आणि आठ. सगळी भावकी हजर.

सरांचे डोळे भरून आले. "ताई, नातीचा वाढदिवस आजोबा करतात! ही मानसिकतेतली क्रांती आहे!" त्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकलासुद्धा.

पल्लवीनं केक कापला. मला घास भरवताना पुटपुटली, "ताई, काहीतरी शिजतंय."

आबांनी सरांच्या बशीत मोठा तुकडा ठेवला. सरांनी तो तोंडात घातला, आणि आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सायेब, तुमच्यासमोर अठरा पूर्ण झाली. उद्या पाव्हणं येत्यात बघायला. भिताडावर तुमीच लिव्हलंय, अठरानंतरच. आता अठरानंतरच झालं का न्हाय?"

सरांना केक गिळेना.

 परतताना गाडीवर, काटेवाडीच्या अलीकडं, सर म्हणाले, "ताई, तांत्रिकदृष्ट्या ती आता आपल्या कक्षेत येत नाही."

मी म्हटलं, "सर, केक खाताना येत होती की!"

*

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. आबांनी निरोपच धाडला होता. मुलीकडची मानाची पाहुणी म्हणून मला सोफ्यावर मधोमध बसवलं. "ह्या ताईंनीच आमाला थांबवलं. सगळं कायद्यात हाय आमचं." पाहुण्यांनी मला नमस्कार केला. मी पोह्यांची बशी हातात धरून बसले. दुसरं काय करणार!

मुलगा सागर, भिगवणकडचा, बावीस वर्षांचा. आईवडील नाहीत, मामानं वाढवलेला. मामांचा जेसीबीचा धंदा. बोलायचं कामही मामांचंच. सागरचं शिक्षण मामांनी सांगितलं, सागरचा स्वभाव मामांनी सांगितला, सागरला तिखट चालत नाही हेही मामांनीच सांगितलं. सागर चहाच्या कपात बघत होता.

पल्लवी आली, बसली. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळं झालं. मग मामा रीतीप्रमाणे म्हणाले, "पोरी, तुला काय विचारायचं आसंल तर विचार हां, लाजू नगंस."

हे वाक्य सगळ्याच घरांत म्हणतात. मुलीनं मान हलवून नाही म्हणायचं असतं. मग पाहुणे उठतात.

पल्लवी सागरकडं वळली. "तुम्हाला आत्ता लग्न करायचंय का?"

मामा हसले. "त्याला काय इचारती? करायचंय की!"

"मामा, तुमचं झालंय. मी ह्यांना विचारलं."

आबांना चहाचा ठसका लागला. पल्लवीचा बाप छताकडं बघायला लागला. सागरनं पहिल्यांदाच मान वर केली. आधी मामांकडं बघितलं, मग दाराकडं.

"मला सलून टाकायचंय," तो म्हणाला.

"गप!" मामा कडाडले. मग आबांकडं वळून, हात जोडून, "पोरखेळ हाय, मनावर घिऊ नका. आपल्यात सात पिढ्यांत कुणी कातर हातात धरलीय का?"

आबांनी कपबशी खाली ठेवली.

"मी धरलीय. निम्मी हयात मेंढरं कातरण्यात गेली माझी."

"न्हाय आबा, तसं न्हवं..."

"आन् तुमच्या बापानं बी धरलीय. माझ्याच शेजारी बसून कातरायचा. त्याला जमायचं न्हाय, मेंढरं ओरबाडून काढायचा, ती गोष्ट येगळी!"

मामा उठले. पोहे तसेच. सागरचा दंड धरून त्यांनी त्याला गाडीत कोंबलं, गाडी धुरळा उडवत गेली.

 आबा मला म्हणाले, "ताई, त्या घरात पोराला बी बोलू देत न्हाईत. आन् आमची तर ही केवढी बोलती! कसं व्हायाचं?"

पल्लवी पुढं झाली. "आबा, उद्या नर्सिंगच्या ॲडमिशनचा शेवटचा दिवस हाय."

आबा उठून गोठ्याकडं गेले. व्हय नाही, न्हाय नाही. मी तशीच बारामतीला परतले. जीव सगळा लासुर्ण्यात.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राचा मोबाईल वाजला. आबा!

"ताई, ते पोरगं आलंय."

"कुठलं पोरगं?"

"सागर. मामाच्या गाडीतनं उतरलं आन् दुधाच्या टेम्पोत बसून हितं आलं. तुमी लगोलग या."

"आबा, आधी पल्लवीचं सांगा! ॲडमिशनचं काय झालं?"

"ती गेली की बापाच्या गाडीवर, कवाच. बारामतीत पोचली बी आसंल. मीच हाकलली दोघास्नी, उशीर करत व्हती. तिचं काय अडलंय? तुमी ह्या पोराचं बघा. ह्येचा मामा निघालाय म्हणं तिकडनं."

"अहो, पण सागर बावीस वर्षांचा आहे. आमच्याकडं अठरापर्यंतच..."

"आसं व्हय? मग अठराच्या म्होरलं कोण बघतं?"

मी सरांकडं बघितलं. सर फाईलमध्ये बघायला लागले.

"आबा, ते... तसं कुणीच नाही."

"मग मी बघतो. येऊ द्या मामाला." आणि फोन कानाला तसाच ठेवून, शेजारी कुणाला तरी, "तू कशाला थांबलास रं? कातर चालव, अर्धी मिशी ऱ्हायलीय!"